यकृतात रुजलेली जीभ

न्यूट या शेपटीवाल्या उभयचर प्राण्याच्या जिभेचा एक तुकडा कापून काढायचा. तो तोंडात परत लावायचा नाही. पोटाला चीर देऊन यकृतात रोवायचा आणि प्राणी पुन्हा पाण्यात सोडायचा. दिवस जातात. मग यकृताचे पातळ काप काढून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरले की यकृतपेशींच्या दाटीत एक परका मुलूख दिसतो. ते असतं जिभेचं अस्तर, आणि त्या अस्तरात रुचिकलिका, म्हणजे चव ओळखणाऱ्या पेशींचे बारीक झुबके. ज्या चेतेतून या कलिका मेंदूला चव कळवत होत्या ती चेता तोंडातच राहिलेली. अन्न नाही, लाळ नाही, मेंदूशी नाळ तुटलेली. तरी कलिका आहेत.

एम. आर. राइट यांनी हे निरीक्षण १९५८ साली एका छोट्याशा टिपणात मांडलं आणि १९६४ साली त्यावर सविस्तर लेख लिहिला. दोन्हींतला प्राणी उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या तळ्यांत राहणारा ठिपकेवाला न्यूट. त्या काळी त्याला ट्रायट्युरस व्हिरिडेसन्स म्हणत, आता त्याचं नाव नोटोफ्थॅल्मस व्हिरिडेसन्स आहे. जुने लेख शोधायला बसलात तर दोन्ही नावं माहीत असलेली बरी, नाहीतर हे दोन वेगळे प्राणी आहेत असं वाटून घोटाळा होतो.

प्रयोग सांगायला चार ओळी पुरतात. त्याचा अर्थ लावताना मात्र घोडं पेंड खातं. म्हणून हे प्रकरण जरा सावकाश उलगडू.

आधीचा नियम काय होता

सस्तन प्राण्यांच्या जिभेतल्या रुचिकलिकांचं नीट वर्णन १८६७ साली लोव्हेन आणि श्वाल्बे या दोघांनी स्वतंत्रपणे केलं. त्यानंतर जेमतेम दहा वर्षांत, १८७६-७७ मध्ये, फिंटशगाउ आणि हेनिगश्मिड यांनी सशाच्या जिभेकडे जाणारी नववी मस्तिष्क चेता (मेंदूतून थेट निघणाऱ्या चेतांपैकी एक) कापली आणि पाहिलं, की जिभेच्या मागच्या भागातल्या कलिका हळूहळू नाहीशा झाल्या. कलिकांना कुणी हात लावला नव्हता. कापली होती ती फक्त तार, आणि विझला होता दिवा. इतकंच असतं तर नवल नव्हतं. पण इथे दिवा विझून थांबला नाही, काच आणि धातूसकट विरघळून गेला.

पुढे हीच गोष्ट कॅटफिशच्या मिशांवर तपासली गेली. या माशाच्या मिशा कलिकांनी खच्चून भरलेल्या असतात आणि कापायला सोप्या असतात, त्यामुळे प्रयोगकर्त्यांचं हे आवडतं ठिकाण. १९२० साली ओल्मस्टेड यांनी दाखवलं, की चेता तोडली की मिशीवरच्या कलिका जातात आणि चेता परत वाढत आली की तिच्यामागोमाग कलिकाही परत येतात. त्यांच्या मते चेतेतून काहीतरी पदार्थ झिरपत असावा, आणि साध्या अस्तरपेशींना कलिका ‘व्हायला लावणारा’ तो पदार्थच असावा. १९३४ साली टॉरी यांनी त्यात बारीक भर घातली. चेता मिशीच्या जवळ कापली तर कलिका लवकर जातात. लांबवर कापून मिशीकडे मोठा तुकडा शिल्लक ठेवला तर उशिरा जातात. तुटलेल्या चेतेत साठा उरलेला असतो आणि तो संपेपर्यंत कलिका तग धरतात, असं त्यातून दिसतं. हा तपशील लक्षात ठेवा, यकृताच्या गोष्टीत तो पुन्हा कामाला येईल.

तेव्हा विसाव्या शतकाच्या मध्यावर पाठ्यपुस्तकी नियम असा होता: रुचिकलिका चेतेवर जगते. चेता तिला घडवते, पोसते आणि टिकवते.

या नियमाच्या मुळाशी बेडकाची जीभ आहे, ही गंमतही इथेच सांगून टाकतो. तुटलेल्या चेतेचा पुढचा तुकडा सडत जातो, या प्रक्रियेला आजही ऑगस्टस वॉलर यांचं नाव आहे. १८५० साली त्यांनी ते दाखवलं बेडकाच्या नवव्या आणि बाराव्या मस्तिष्क चेता कापून. म्हणजे चेता मरते हे ज्या उभयचराच्या जिभेनं शिकवलं, त्याच कुळातल्या दुसऱ्या प्राण्याच्या जिभेनं शंभरेक वर्षांनी त्याच्या पुढच्या पायरीवर बोट ठेवलं.

उभयचरांनी आधीच कुरकुर केली होती

राइट यांचा प्रयोग आकाशातून पडला नव्हता. येल विद्यापीठातले लिऑन स्टोन न्यूटच्या डोळ्यांच्या प्रत्यारोपणासाठी ओळखले जातात, पण त्यांनी सॅलॅमँडरच्या (न्यूटच्या भावकीतल्या उभयचराच्या) पिल्लांच्या तोंडातल्या रुचि-अवयवांवरही बराच काळ घालवला. त्यांची खासियत ही, की त्यांनी हे अवयव जिवंत प्राण्यात पाहिले. पिल्लू कापून, रंगवून, काचपट्टीवर चिकटवून पाहण्याऐवजी तोच अवयव त्याच प्राण्यात पुन्हा पुन्हा पाहता आला, तर ‘आधीचा टिकला’ आणि ‘जुना जाऊन नवा आला’ यांतलं दूधपाणी वेगळं करता येतं. १९३३ च्या लेखात त्यांनी निष्कर्ष थेट मथळ्यातच मांडला: रुचि-अवयव आपल्या चेतातंतूंपासून स्वतंत्र आहेत. १९४० मध्ये त्यांनी या अवयवांचा उगम आणि वाढ जिवंत प्राण्यांत कशी दिसते यावर मोठा लेख लिहिला.

म्हणजे एका बाजूला ससा आणि कॅटफिश, दुसऱ्या बाजूला सॅलॅमँडर. स्टोन यांच्या निष्कर्षाला अपवाद म्हणून बाजूला ठेवणं सोपं होतं. पिल्लू आहे, अवयव अजून घडताहेत, प्रौढाला हे लागू होईल कशावरून? हा आक्षेप मला अजिबात फुसका वाटत नाही. घडणं आणि टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या सगळ्या प्रकरणात तोच भेद पुन्हा पुन्हा हातातून निसटतो.

प्रौढ न्यूट, आणि तेही यकृत

प्रौढ न्यूटची चेता नुसती कापून प्रश्न सुटत नाही, कारण हा प्राणी पुनर्निर्मितीत पटाईत आहे. पाय तोडला तर पाय येतो, शेपटी तोडली तर शेपटी येते, डोळ्यातलं भिंग काढलं तर भिंग येतं. चेता तर त्याच्या दृष्टीनं किरकोळ बाब. आज कापलेली चेता काही आठवड्यांत पुन्हा जिभेपर्यंत पोचते. मग कलिका दिसल्या तर त्या चेतेशिवाय टिकल्या, की चेता परत आल्यामुळे उरल्या? पुन्हा पुन्हा कापत राहणं हा एक मार्ग, पण त्यात प्राण्याचे हाल आणि दर वेळी नवी जखम.

कलमाचा मार्ग यातून बाहेर काढतो. जीभच उचलून दूर नेली की तिची मूळची चेता तिला शोधत पोटापर्यंत येणार नाही. पण नेणार कुठे? कातडीखाली लावली तर तिथल्या चेता तिच्यात शिरतील. स्नायूत लावली तरी तेच. यकृत यासाठी सोयीचं. रक्त भरपूर, त्यामुळे तुकडा उपाशी मरत नाही. ऊती मऊ, त्यामुळे रोवणं सोपं. आणि चेतांच्या बाबतीत तो जवळजवळ ओसाड प्रदेश. तिथे पोचणाऱ्या थोड्याशा चेता स्वायत्त चेतासंस्थेच्या (आतल्या अवयवांचं काम आपोआप चालवणाऱ्या) असतात, चव किंवा स्पर्श वाहणाऱ्या नव्हेत. रुचिकलिकेला जिच्यावर जगावं लागतं असं मानलं जात होतं त्या प्रकारची चेता यकृतात नसते.

ही निवड मला फार आवडते. वरवर पाहता जीभ आणि यकृत यांचा काहीएक संबंध नाही, आणि तो नाही म्हणूनच यकृत निवडलं. बहुतेक प्रयोगांत जागा सोयीनं ठरते. इथे जागा हाच प्रश्न आहे.

न्यूटची आणखी एक बाजू इथे मदतीला येते, आणि थोडी अडचणही करते. शेपटीवाले उभयचर परकं कलम नाकारतात खरे, पण फार सावकाश. सस्तन प्राण्यात दुसऱ्याच्या अंगाचा तुकडा साधारण दोन आठवड्यांत शरीर झिडकारतं. न्यूट किंवा सॅलॅमँडर त्याला बराच जास्त वेळ घेतात. म्हणून असे प्रयोग त्यांच्यात जमतात. उलट, एखाद्या कलमात कलिका विरळ होत गेल्या तर दोष चेतेच्या अभावाचा की संथपणे चाललेल्या नकाराचा, हे दर वेळी विचारावं लागतं.

‘टिकल्या’ म्हणजे नेमकं काय

आता मुख्य गोष्टीकडे. राइट यांच्या टिपणाच्या मथळ्यातला कळीचा शब्द ‘टिकून राहणं’ हा आहे. यकृतात कलम केलेल्या जिभेत रुचि-अवयव टिकले. पण या एका शब्दाखाली निदान तीन वेगवेगळ्या घटना दडलेल्या असू शकतात.

पहिली शक्यता अशी, की जुन्याच पेशी मेल्या नाहीत. कलिकेत कलम करताना ज्या पेशी होत्या, त्याच काप काढण्याच्या दिवशी आहेत. ही झाली निव्वळ चिकाटी.

दुसरी अशी, की जुन्या पेशी नेहमीप्रमाणे मरत राहिल्या, पण त्यांच्या जागी नव्या येत राहिल्या आणि कलिकेचा आकार तसाच राहिला. नदीचं पाणी वाहून जातं, पात्र तेच राहतं, तसं. हे पहिल्यापेक्षा फार मोठं विधान आहे, कारण याचा अर्थ चेतेशिवाय नवी रुचिपेशी घडते.

तिसरी अशी, की कलिका मधल्या काळात खरोखर नाहीशा झाल्या आणि नंतर नव्यानं उगवल्या. यकृतात तुरळक का होईना, काही चेता पोचल्या असतील तर हेही अशक्य नाही.

एकाच दिवशी काढलेला काप या तिघांत फरक करू शकत नाही. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या प्राण्यांचे काप काढले तर तिसरी शक्यता मागे पडते, कारण मधल्या दिवसांत कलिका गायब झालेल्या दिसायला हव्यात. पहिली आणि दुसरी मात्र तशीच गुंतलेली राहतात. त्यांची गाठ सोडवायला नव्यानं जन्मलेल्या पेशीवर खूण पडावी लागते, आणि ते तंत्र, म्हणजे किरणोत्सारी थायमिडीन पेशीच्या डीएनएत जाऊ देऊन तिचा माग काढणं, १९५० च्या दशकाच्या अखेरीला नुकतं हाती येत होतं. १९६५ मध्ये बाइडलर आणि स्मॉलमन यांनी ते उंदराच्या जिभेवर वापरलं आणि कलिकेतल्या पेशीचं सरासरी आयुष्य सुमारे २५० तास, म्हणजे दहा दिवसांच्या आसपास निघालं.

हा आकडा आल्यावर सशाची जुनी गोष्टही वेगळी दिसायला लागते. उंदराची कलिका हे सतत पाडून बांधलं जाणारं घर आहे. चेता तोडली की नवे गवंडी येणं थांबतं, जुन्या भिंती आपोआप पडतात आणि थोड्याच दिवसांत जागा मोकळी. चेतेनं कलिकेला ‘मारलं’ असं म्हणायची गरजच नाही. चेतेशिवाय नवी भरती होत नाही, एवढंच पुरतं.

आणि उभयचर थंड रक्ताचे. त्यांच्या पेशींचं घड्याळ तापमानावर चालतं. कॅटफिशवर १९७९ मध्ये हेच मोजलं गेलं: पाणी थंड असलं की कलिकेतल्या पेशीचं आयुष्य बरंच लांबतं. तेव्हा थंड पाण्यात ठेवलेल्या न्यूटच्या यकृतात काही आठवड्यांनंतर कलिका दिसल्या, तर त्यातून फार तर एवढं सिद्ध होतं, की अजून त्यांची वेळ आली नव्हती. उंदराचे दहा दिवस आणि न्यूटचे दहा दिवस यांची तुलना करणं म्हणजे एकाच्या आयुष्याचं वर्ष दुसऱ्याच्या महिन्याशी जुळवणं.

शिवाय टॉरी यांचा साठा इथे परत येतो. जिभेच्या तुकड्याबरोबर चेतेची तुटकी टोकंही यकृतात जातात. थंड रक्ताच्या प्राण्यात वॉलर यांनी दाखवलेली सडण्याची क्रियाही मंदावते. म्हणजे कलमात पहिले काही दिवस जुनी चेता अर्धवट जिवंत असते. अशा वेळी ‘चेताविरहित’ हा शब्द वापरायचा तर तो मिळवावा लागतो, गृहीत धरून चालत नाही. त्या काळी चेतातंतू दाखवायला चांदीच्या क्षारांनी काप रंगवत. ही पद्धत लहरी होती. बारीक तंतू एका कापात काळेभोर दिसतात, शेजारच्या कापात दिसतच नाहीत. त्यामुळे ‘तंतू आढळले नाहीत’ आणि ‘तंतू नव्हते’ यांच्यामधलं अंतर त्या वेळी आजच्यापेक्षा बरंच मोठं होतं.

हे सगळं लिहिताना राइट यांचा प्रयोग कच्चा होता असं मला सुचवायचं नाही. उलट, जागा इतकी नेमकी निवडली होती म्हणून हे प्रश्न स्वच्छ विचारता येतात. कातडीखालच्या कलमाबद्दल कुणी इतका काथ्याकूट केलाच नसता.

डोळ्याच्या खोबणीतली जीभ

१९६३ साली, राइट यांच्या दोन लेखांच्या मध्ये, पोरिट्स्की आणि सिंगर यांनी त्याच न्यूटची जीभ डोळ्याच्या खोबणीत लावली आणि रुचिकलिकांचं काय होतं ते पाहिलं. दोन्ही प्रयोग एकाच माळेत ओवायची सवय आहे: ‘उभयचरांत जिभेचं कलम कुठेही करा, कलिका टिकतात.’ मला ही माळ पटत नाही. खोबण म्हणजे यकृत नव्हे. तिथून पाचव्या मस्तिष्क चेतेच्या फांद्या जातात, डोळा हलवणाऱ्या स्नायूंच्या चेता जातात. न्यूटमध्ये त्या चपळाईनं वाढतात. तिथल्या कलिकेबद्दल विचारायचा प्रश्न वेगळा आहे: चवीची नसलेली, परक्या घरची चेता कलिकेला चालते का? तोही चांगला प्रश्न आहे, पण यकृताचा नाही.

या प्रयोगातलं एक नाव मात्र थबकायला लावतं. मार्कस सिंगर यांची कीर्ती नेमक्या उलट गोष्टीसाठी आहे. न्यूटचा तुटलेला पाय पुन्हा उगवायला चेता लागते, आणि तीही पुरेशी. ठराविक मर्यादेपेक्षा कमी तंतू उरले तर पाय उगवत नाही, हे त्यांनी अनेक वर्षांच्या कामातून दाखवलं. म्हणजे एकाच प्राण्यात, एकाच माणसाच्या हाताखाली, पायाला चेतेशिवाय चालत नाही आणि जिभेच्या कलिकेला चालतं असं निदान वरवर दिसत होतं.

पायाच्या बाबतीत पुढे एक विलक्षण वळण आलं. १९५९ साली यंटेमा यांनी अशी सॅलॅमँडरची पिल्लं वाढवली, ज्यांच्या पायांत चेता कधी शिरलीच नव्हती. असे पाय तोडले तेव्हा ते चेतेशिवाय पुन्हा उगवले. सी. एस. थॉर्नटन आणि एम. टी. थॉर्नटन यांनी १९७० मध्ये त्याच्यापुढचं दाखवलं: अशा पायात नंतर चेता शिरू दिली, की काही काळानं तोही इतरांसारखाच चेतेवर अवलंबून होतो. पायाला चेतेची गरज उपजत नव्हती, चेतेच्या सहवासानं ती लागली होती. सवय लागणं, इतकाच सोपा शब्द मला त्यासाठी सुचतो.

हे वाचल्यावर यकृतातल्या जिभेकडे पुन्हा पाहिलं, की प्रश्न आणखी एका बाजूनं विचारता येतो. रुचिकलिकेलाही चेतेची गरज मुळात होती का?

उत्तराचा अर्धा भाग भ्रूणात सापडला

त्यावर सर्वांत स्वच्छ काम १९९० च्या दशकात ॲक्सोलॉटलवर झालं. हा मेक्सिकोतला सॅलॅमँडर प्रौढपणीही कल्ले सोडत नाही आणि त्याची अंडी प्रयोगशाळेत हाताळायला सोपी असतात. लिंडा बार्लो आणि आर. ग्लेन नॉर्थकट यांनी १९९५ मध्ये आधी रुचिकलिका येतात कुठून हे शोधलं. चेताशिखेतून (भ्रूणातल्या, चेता आणि इतर ऊती देणाऱ्या पेशींच्या पट्ट्यातून) किंवा डोक्यावरच्या चेतापेशी देणाऱ्या जाडसर ठिगळांतून त्या येत असाव्यात, असा एक जुना तर्क होता. पेशींना खुणा करून त्यांचा माग काढल्यावर दिसलं, की त्या येतात तोंड-घशाच्या अंतःस्तरातून, म्हणजे पचनमार्गाचं अस्तर ज्यातून बनतं त्याच थरातून.

मग १९९६ मध्ये, चियेन यांच्यासोबत, त्यांनी भ्रूणाचा हा भाग चेता तिथे पोचायच्या आधीच कापून बाहेर काढला आणि चेतांपासून दूर वाढू दिला. त्यात रुचिकलिका घडल्या. १९९७ मध्ये आणखी एक पाऊल मागे जाऊन दाखवलं, की हा अंतःस्तर शेजारच्या चेताशिखेच्या किंवा मध्यस्तराच्या मदतीशिवायही आपल्या आत कलिका घडवतो. भ्रूणाचे थर एकमेकांवर रचले जाऊन झाले, की अंतःस्तराला काय बनायचं ते कळलेलं असतं.

इथे ओल्मस्टेड यांचं चित्र उलटं होतं. चेता अस्तराला कलिका व्हायला लावत नाही. अस्तर कलिका बनवतं आणि चेता नंतर तिला शोधत येते.

पण हे ‘घडण्या’चं उत्तर आहे, ‘टिकण्या’चं नव्हे. स्टोन यांच्यावरचा जुना आक्षेप आठवा. भ्रूणातली कलिका चेतेशिवाय घडली म्हणून प्रौढातली चेतेशिवाय जगेल, असं आपोआप होत नाही. पायाचीच साक्ष आहे: चेतेशिवाय घडलेला पायही नंतर चेतेच्या अधीन होतो. बेडकाच्या जिभेवरच्या रुचितबकड्यांवर रॉबिन्स यांनी १९६७ मध्ये काम केलं. त्याही चेता कापल्याबरोबर नाहीशा होत नाहीत. (बेडकाच्या जिभेवर पिंपासारखी कलिका नसते. तिथे छत्रीसारख्या उंचवट्याच्या माथ्यावर चपटी तबकडी असते, आणि ती पृष्ठवंशीयांतल्या सर्वांत मोठ्या रुचि-अवयवांपैकी एक.) ‘लगेच नाही’ आणि ‘कधीच नाही’ यांतला फरक तिथेही आहेच.

उंदराकडे परत

सस्तन प्राण्यांचा नियम इतका कडक आहे का, हेही एकदा पाहू. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला झालेव्स्की यांनी उंदराच्या जिभेचा कलिकांचा भाग डोळ्याच्या पुढच्या पोकळीत लावला. एकटा लावला तर कलिका जातात. सोबत संवेदी चेतागंडाचा (संवेदी चेतापेशींच्या गाठीचा) तुकडा लावला तर कलिका पुन्हा उगवतात. न्यूटच्या यकृताचा हा जणू आरशातला प्रयोग, आणि निकाल नेमका उलट.

पण १९८७ मध्ये हॅमस्टरच्या जिभेच्या पुढच्या भागात, चेता कापूनही काही रुचिकलिका टिकून राहिल्याचं व्हाइटहेड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. म्हणजे जिभेच्या मागच्या भागाचा नियम पुढच्या भागाला जसाच्या तसा लागू नाही. ‘सस्तन असं वागतात, उभयचर तसं’ ही सरळ विभागणी तिथेच ढिली पडते.

२०१४ मध्ये कास्टियो आणि सहकाऱ्यांनी प्रौढ उंदराच्या जिभेच्या अस्तरात सॉनिक हेजहॉग हे प्रथिन जागोजाग तयार करवलं, तेव्हा जिथे एरवी कलिका नसतात तिथेही कलिका उगवल्या, आणि त्यांच्याकडे चेता जात नव्हती. २०२१ मध्ये लिन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की आर-स्पॉन्डिन हे प्रथिन पुरवलं तर चेता तोडलेल्या उंदरातही रुचिपेशी नव्यानं तयार होतात. ओल्मस्टेड यांचा ‘झिरपणारा पदार्थ’ शंभर वर्षांनी नावानिशी हाती लागला म्हणायला हरकत नाही. पायाच्या बाजूलाही तसंच झालं होतं: २००७ मध्ये कुमार, ब्रॉक्स आणि सहकाऱ्यांनी एनएजी नावाचं प्रथिन शोधलं, ज्यानं चेता तोडलेला न्यूटचा पाय पुन्हा उगवू शकतो.

दोन्हीकडे चेतेचं काम एका स्रवणाऱ्या प्रथिनावर येऊन ठेपतं. मग यकृतातल्या जिभेबद्दल एक साधा अंदाज करता येतो. चेता नसेल, पण तो पदार्थ दुसरीकडून येत असेल तर? कलिकेभोवतालच्या ऊतीतून, किंवा खुद्द यकृतातून. यकृत हे शरीरातलं वाढीच्या संकेतांचं मोठं कोठार आहे, आणि आर-स्पॉन्डिन ज्या संकेतमार्गाला जोर देतं तो यकृतातही चालू असतो. राइट यांनी चेतांच्या दृष्टीनं ओसाड जागा निवडली होती. रसायनांच्या दृष्टीनं ती ओसाड नव्हती. १९५८ मध्ये हे कुणाच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं.

माझं वाचन

माझ्या मते या प्रयोगानं ‘चेता लागत नाही’ असं दाखवलं नाही. दाखवलं ते एवढं, की प्रौढ न्यूटमध्ये मूळ चेतेपासून तोडलेली रुचिकलिका उंदराच्या मानानं फार वेळ उभी राहते. हेही कमी नाही. सशावरून काढलेला नियम सगळ्या पृष्ठवंशीयांना लावता येत नाही, हे त्यानं स्टोन यांच्या पिल्लांपेक्षा ठोस करून दाखवलं, कारण प्राणी प्रौढ होता आणि परकी चेता जवळपास फिरकायची शक्यता कमी होती. पण ‘उभी राहणं’ हे चिकाटीनं की नव्या भरतीनं, तो प्रश्न यकृतातच राहिला.

आणि चव? ती तर कुणालाच लागत नव्हती. संशोधनपत्रांत ‘रुचि-अवयव टिकला’ हे वाक्य इतक्या सहज येतं की वाचणारा विसरतो: यकृतातल्या त्या कलिकेला काही चाखायला मिळत नव्हतं, आणि मिळालं असतं तरी ते ऐकणारं कुणी नव्हतं. टिकली ती रचना.

आज हे पुन्हा करायचं तर ॲक्सोलॉटल घ्यावा, कारण पेशी चकाकणारे त्याचे वाण उपलब्ध आहेत. यजमान असा, ज्याच्या चेता हिरव्या चमकतात. जीभ साध्या प्राण्याची. मग यकृतातल्या कलमात एक जरी परका तंतू शिरला तर तो दिसेल, चांदीच्या लहरीवर अवलंबून राहावं लागणार नाही. दुसरी खूण नव्यानं जन्मलेल्या पेशींवर, कलम झाल्यानंतर दर काही दिवसांनी. एका गटात आर-स्पॉन्डिनचा मार्ग औषधानं रोखलेला. आणि सगळे गट दोन टाक्यांत वाटलेले, एक थंड पाण्याची, एक कोमट. कोमट टाकीतल्या कलिका आधी गेल्या आणि थंड टाकीतल्या मागे राहिल्या, तर १९५८ च्या त्या काचपट्टीवर काय दिसलं होतं ते कळेल. दोन्ही टाक्यांत त्या तशाच राहिल्या आणि त्यांत नव्या पेशींच्या खुणा भरलेल्या दिसल्या, तर मात्र झालेव्स्की यांच्या उंदराला काय कमी पडतं ते शोधायला परत त्याच्याकडे जावं लागेल.